मांसाची पट्टी

थोरला भाऊ लुस्वेती मार्चमध्ये गेला. ऑगस्टात भाचा सिफुना हातातली घुंगरे वाजवीत सुंतेचे आमंत्रण घेऊन आमच्या अंगणात येणार होता. अशा वेळी मामाने बैल कापावा, मांसाची पट्टी भाच्याच्या छातीवर आपटून त्याच्या गळ्यात घालावी आणि चारचौघांत त्याला असे टोचून बोलावे, की दुसऱ्या दिवशी सुरीसमोर त्याची पापणीही लवू नये. लुस्वेतीमागे हा मान माझा होता.

कुळाच्या बैठकीत चुलतभाऊ सितुमाने हरकत घेतली. माझा आवाज कोंबडीलाही ऐकू जात नाही, असे तो म्हणाला आणि वडीलधारे हसले. मलाही ते खोटे वाटले नाही. कुळप्रमुख मुख्वाना यांनी निवाडा दिला: पट्टी मीच धरावी. शब्द फुटले नाहीत तर ती सितुमाने घ्यावी. मग बहिणीच्या तिन्ही मुलांचा मामा कायमचा तोच.

सिफुना दुपारी सोबत्यांच्या गाण्यावर नाचत आला, घामाने आणि धुळीने माखलेला. पट्टी अजून कोमट होती. आठवडाभर पाठ केलेल्या टोमण्यांपैकी मात्र मला एकही आठवेना. गाणे थांबले. सितुमाने हात पुढे केला.

मी पाहत होतो ते सिफुनाचे डोळे. ते हुबेहूब लुस्वेतीचे होते.

"थोरल्या मामाला मातीत ठेवलं तेव्हा तू केळीच्या बागेत लपून रडत होतास," मी हळूच म्हणालो. ऐकायला माणसे पुढे सरकली. "उद्या लपायला केळी नाहीत. रडायचं असेल तर आत्ताच रड. नाहीतर जा, आईच्या चुलीपाशी बसून राख फुंक."

आणि मी पट्टी त्याच्या छातीवर आपटली.

तो हलला नाही. पट्टी गळ्यात घालू लागलो, तेव्हा फक्त मला ऐकू येईल असे म्हणाला, "मामा, त्या बागेत तूही होतास."

सितुमाचा हात केव्हा मागे गेला, मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीच्या चिखलाने माखलेला सिफुना बापाच्या अंगणात उभा राहिला, नजर दूरच्या डोंगरावर. शिट्टी वाजली, म्हणजे सुरीचे काम झाले होते. तो जागचा हलला नव्हता; बायकांनी आनंदाने आरोळी दिली.

मुख्वाना काठी टेकीत माझ्याजवळून गेले.

"दोन वर्षांनी त्याच्या पाठच्या भावाची पाळी," ते न थांबता म्हणाले. "बैल आत्तापासून बघून ठेव."