डाव्या चाकाचा हट्ट

तुळजारामरावांच्या मोटारीचे भवितव्य त्या दिवशी डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर अवलंबून होते. सासूबाईंना ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यामुळे कावेरीकाठच्या त्यांच्या गावी मोठा समारंभ योजला होता. मागल्या दोन कार्यांच्या वेळी गाडी वाटेतच रुसली, आणि त्यांच्या पत्नी धनलक्ष्मीबाईंना रेशमी पट्टुसाडी सावरीत गावच्या बसमध्ये उभ्याने जावे लागले. तिसऱ्यांदा असे घडल्यास गाडी विकायची, हा बाईंचा निकाल होता, आणि त्यावर अपील नव्हते.

सकाळी आठ वाजता राजवाड्यामागच्या गल्लीतून गाडी निघाली. शहर सुटते न सुटते तोच, गोठ्याची वाट दिसलेल्या बैलासारखी ती डावीकडे ओढू लागली आणि जळका वास सुटला. कुणीतरी शेतात पेंढा पेटवला असावा, असे तुळजारामरावांनी गंभीरपणे सुचवले. बाईंनी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिले.

"शेत आपल्याबरोबरच चालले आहे वाटते," त्या म्हणाल्या.

तेव्हा गाडी वळवून तुळजारामरावांनी ती एकोजीच्या वर्कशॉपपुढे उभी केली. एकोजी त्यांचा शाळासोबती. आठवीनंतर त्याने पुस्तके खाली ठेवली आणि पाना-पक्कड उचलली. पुढे त्याच्या हातून सुधारली नाही अशी गाडी गावात विरळा. त्याने काही न विचारता चाकांवर पाणी शिंपडले. उजवे चाक गप्प राहिले. डावे मात्र डोशाच्या तव्यासारखे चरचरले. मग जॅक लावून त्याने चाके फिरवून पाहिली, तर उजवे सहज फिरले आणि डावे दोन्ही हातांनीही हलेना.

दोन वर्षांपूर्वी ब्रेक पॅड एकोजीनेच बसवले होते, याची आठवण तुळजारामरावांनी करून दिली. खोट कारागिरीत निघाली तर गाडी निर्दोष ठरेल, हा त्यांचा हिशेब. एकोजीने ती आठवण ऐकून घेतली आणि चाक काढले. ब्रेकच्या तेलाची चावी त्याने किंचित सैल केली. थोडे तेल ठिबकले, पण डिस्क तशीच घट्ट राहिली. म्हणजे तेल अडकलेले नव्हते. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवून आतला पिस्टन दाबला, तर तोही आज्ञाधारकपणे मागे सरला. राहिले पॅड. आतले झिजून विड्याच्या पानाइतके पातळ झाले होते, बाहेरचे अजून जाड होते. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, तेव्हाच चाकाला धरतो आणि सोडतोही. यातली एखादी पिन अडकली असणार, असे त्याने समजावले.

खालची पिन लगेच निघाली. वरचीने पाव तास घेतला. पिळून पिळून ती बाहेर आली, तेव्हा तिच्यावर पिवळट खपली दाट बसलेली होती आणि तिचे रबरी आवरण फाटलेले होते. एकोजीने खपली नखाने खरवडली, हुंगली आणि शाळासोबत्याकडे पाहिले.

"तुळजा, हे ग्रीस नव्हे. हे चंदन."

तुळजारामरावांच्या डोळ्यांपुढे गेल्या नवरात्रातली आयुधपूजा उभी राहिली. सगळे लोक बॉनेटला आणि स्टिअरिंगला गंधकुंकू लावून थांबतात. परंतु जे अवयव खरी सेवा करतात त्यांना वगळणे त्यांच्या मनाला पटले नव्हते. चाकाच्या फटीतून बोटे घालून त्यांनी कॅलिपरच्या कानाकोपऱ्याला पातळ गंध चोपडले होते. फाटक्या रबरातून ते आत शिरले आणि वाळून बसले.

बाई वर्कशॉपमधल्या बाकावरून उठून जवळ आल्या. एकोजी झटकन मान खाली घालून पिन पुसू लागला. खपली धुळीची आहे असे सांगण्याची त्याची तयारी दिसत होती. खोटे बोलले तर दोष गाडीवर जाणार आणि गाडी घर सोडणार. खरे बोलले तर तो स्वतःवर येणार. तुळजारामराव पुढे सरले.

"ते चंदन मी लावले," ते म्हणाले. "तिचा काही अपराध नाही."

बाईंनी पिन हातात घेऊन नीट पाहिली.

"दोष गाडीचा असता तर आजच विकली असती," त्या म्हणाल्या. "पण दोष तुमचा. तुम्हाला कोण विकत घेणार?"

एकोजीचे खांदे हलू लागले, पण हात थांबले नाहीत. पिनांच्या वाटा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून, नवी रबरे चढवून त्याने उष्णतेला टिकणारे ग्रीस भरले. दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले, तेलातली हवा काढली. शेवटी डावे चाक एका बोटाने ढकलले, तर ते उजव्याइतकेच मोकळे फिरले. गाडी रस्त्याला लागली तेव्हा साडेदहा झाले होते. पंगत बसायला अवकाश होता.

कालव्याकाठचा रस्ता सरळ होता आणि गाडीही सरळ धावत होती. बराच वेळ झाल्यावर तुळजारामरावांनी हळूच विचारले की, ही हकीकत बाईंच्या भावांच्या कानी जाणार काय.

धनलक्ष्मीबाईंनी पदर नीट केला.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "आज आईचा दिवस. उद्या सांगेन."