माझ्यातली जाड तार

मित्रांनो, वेळ आली की जळून जाणे हेच ज्याचे काम, असा मी एक जुना फ्यूज आहे. चिनी मातीचा, एकेकाळी पांढराशुभ्र, तळहातावर मावेल एवढा. आता माझा एक कोपरा फुटला आहे, अंगावर पिवळट डाग आहेत, आणि खरे सांगतो, मी फार दमलो आहे.

माझी रचना अगदी साधी. दोन टोकांना पितळेच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षा थोडी जाड अशी एक तार. घरातल्या सगळ्या दिव्यांना आणि पंख्यांना जाणारी वीज त्या तारेतून जायची. झेपेल त्याहून पुष्कळ जास्त वीज वाहू लागली की ती तार वितळायची आणि अंधार व्हायचा. भिंतीतल्या तारा तापून जळण्याआधी आपण जळायचे, एवढेच माझे शिक्षण.

ज्या वायरमनने मला बोर्डात बसवले, त्याला सगळे काका म्हणत. काकांची एक पद्धत होती. नव्या घराचे काम संपले की घरातल्या प्रत्येकाला बोर्डापुढे उभे करायचे आणि ज्याच्या त्याच्या हाताने मेन स्विच एकदा बंद करायला लावायचा. त्याशिवाय ते हत्यारांची पेटी उचलत नसत.

आमच्या घरी बाबा झाले, आई झाली. मग काकांनी सात वर्षांच्या थोरल्या लेकीसाठी स्टूल ओढले.

"अहो, तिला कशाला?" आई म्हणाली. "लहान आहे ती."

"वहिनी, वीज काही वय विचारून येत नाही."

थोरलीने दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. घरभर फिरणारे पंखे मंदावत थांबले. "मी बंद केलं! सगळं घर मी बंद केलं!" ती ओरडली.

"विसरायचं नाही हं आता," काका म्हणाले. बोर्डाच्या लाकडी झाकणावर आतल्या बाजूने त्यांनी पेन्सिल दाबून दोन ओळी लिहिल्या, योग्य जाडीची जादा तार एका पुठ्ठ्याला गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि ते गेले.

पुढची बरीच वर्षे बरी गेली. मी सात-आठ वेळा उडालो असेन. बाबा पुठ्ठ्यावरची तार घेत, मला भरत, जागेवर बसवत. बाबा छापखान्यात मुद्रिते तपासायचे. त्यांच्या नजरेतून चुकीचा स्वल्पविराम सुटत नसे. पण एकदा घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने झाकण आतूनबाहेरून रंगवून टाकले आणि तो पुठ्ठा कचऱ्यात गेला. बाबा तेव्हा कामावर होते. पुढे बोर्डाच्या खिळ्यांना छत्र्या, पिशव्या आणि कोट लटकू लागले. मी आहे, हेच लोक विसरले. मला त्याचे वाईट वाटले नाही. फ्यूजची आठवण न येणे हे घर ठीक चालल्याचे लक्षण असते.

थोरली मोठी झाली, शिवणकाम करू लागली. तिच्यासाठी मागे एक खोली बांधली. काका पाहायला आले. "या खोलीला बोर्डापासून वेगळी लाइन ओढू. इथे इस्त्री चालणार, उद्या आणखी काही चालेल. दिव्यांच्या तारेवर हा भार टाकायचा नाही."

"अहो, एवढीशी तर खोली," बाबा म्हणाले. "तेवढ्यासाठी सगळी भिंत पुन्हा फोडायची?"

"मग माझ्या हातून नाही होणार," असे म्हणून काकांनी पेटी उचलली. गवंड्याच्या ओळखीचा कुणीतरी आला. बोळातल्या दिव्याच्या तारेला त्याने दुसरी तार पिळली, वर काळी पट्टी गुंडाळली आणि तासाभरात काम उरकले. त्या खोलीचा सगळा भार माझ्यावर आला.

त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. मावशी पाय मोडून आमच्याकडे राहायला आली. तिची खाट मागच्या खोलीत टाकली, शेजारी हीटर ठेवला. हीटर आणि इस्त्री एकाच वेळी चालू झाली की मी उडायचो. आठवड्यात तीनदा उडालो; दोनदा बाबांनी दुकानातून बारीक तार आणून भरली.

"गेला का मेला पुन्हा?" मावशी पांघरुणातून म्हणायची. "या घरात माझं हाड आणि तुमचा फ्यूज, दोन्ही सारखीच नाजूक!"

सगळे हसायचे. का उडतो, असे कुणी विचारले नाही. तिसऱ्या वेळी बाबा वैतागले. त्यांनी जुन्या टेबललॅम्पच्या वायरीतले पदर काढले, त्यांना पीळ दिला आणि ती जाड तार माझ्यात घट्ट आवळली. "आता बघू कसा उडतो!"

मी उडालो नाही. दोन महिने उडालो नाही. "गुणी झाला हो आता," मावशी म्हणाली. मित्रांनो, जन्मभर नेमून दिलेले काम करताना मी शिव्या खाल्ल्या, आणि काही करता येईनासे झाले तेव्हा मला शाबासकी मिळाली. मी तेव्हाच थकलो.

एका दुपारी थोरली गिऱ्हाइकाचे माप घ्यायला पुढच्या खोलीत आली. मागे इस्त्री चालू, हीटर चालू. मावशीची हाक आली, "थोरले, काहीतरी जळतंय गं!"

"इस्त्रीचा वास असेल, मावशी!"

"इस्त्री माझ्या डोळ्यांसमोर आहे. वास भिंतीतून येतोय!"

थोरली धावली. सॉकेटमधून धूर निघत होता आणि खाली पडलेल्या चिंध्यांच्या ढिगात ठिणग्या पडत होत्या. खाटेवरून उठता न येणाऱ्या मावशीने पाण्याचा तांब्या उचलला होता.

"पाणी नको! मावशी, पाणी टाकू नकोस!" थोरली ओरडली. तिने प्लगला हात घातला. तो वितळून सॉकेटला चिकटला होता. चटका बसताच तिने हात मागे घेतला आणि ती बोर्डाकडे पळत आली.

त्या सगळ्या वेळात माझ्यातून दुप्पट-अडीचपट वीज वाहत होती. पिळलेला तो सांधा भिंतीत लाल होत होता, आणि माझी तार जेमतेम कोमट झाली होती. मला जळायचे होते. जळता येत नव्हते.

थोरलीने छत्र्या फेकल्या, कोट ओढून खाली टाकले, दांडा सापडताच दोन्ही हातांनी खाली ओढला. या वेळी तिला स्टूल लागले नाही. मग परत जाऊन जाड घोंगडीने तिने ढीग दाबून विझवला आणि मावशीला मिठी मारली.

संध्याकाळी काका आले. त्यांनी मला बोर्डातून ओढून काढले आणि उजेडात धरले. "ही तार कुणी घातली?"

"मी," बाबा म्हणाले. "सारखा उडायचा हो."

"उडायचा म्हणून तर घर उभं होतं, साहेब!"

काकांनी पात्याने झाकणाचा रंग खरवडायला घेतला. पेन्सिलचा काळेपणा गेला होता, पण दाबून लिहिलेल्या अक्षरांच्या खाचा लाकडात उरल्या होत्या. 'पाच अँपिअर. याहून जाड तार नको. उडाला तर आधी कारण शोधा.' बाबांनी ते एकदा वाचले. मग चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून पुन्हा वाचले. त्यानंतर ते मावशीच्या खाटेपाशी जाऊन बसले. "आता भिंत फोडा," एवढेच म्हणाले.

भिंत फुटली. मागच्या खोलीला वेगळी लाइन आली, अर्थिंगची तार आली, आणि बोर्डात खटकेवाले एमसीबी बसले. भार वाढला की त्यांचा खटका आपोआप पडतो. त्यांच्यात कुणाला जाड तार घालता येत नाही, हे पाहून मला बरे वाटले. काम झाल्यावर काकांनी सगळ्यांना पुन्हा बोर्डापुढे उभे केले. मावशीलासुद्धा, कुबड्यांसकट.

मी आता थोरलीच्या टेबलावर असतो. कापड बेतताना कागद उडू नये म्हणून ती मला त्यावर ठेवते. ती जाड तार तिने मुद्दाम काढलेली नाही. परवा एका गिऱ्हाइकाने विचारले, "हे काय गं?"

"आमच्या घरात हा एकटा खरं बोलायचा," ती म्हणाली. "आम्ही त्याचं तोंड बांधलं होतं."

मित्रांनो, माझे काम संपले. पण तुमच्या भिंतीतही कुणीतरी जागे आहे. त्याच्यावर कोट लटकवू नका. मोठ्या माणसांना विचारून मेन स्विच कुठे आहे ते आजच पाहून घ्या. आणि पुन्हा कधी अचानक अंधार झाला, तर वैतागण्याआधी क्षणभर थांबा. कुणीतरी तुमच्याआधी जळले आहे. ते का जळले, तेवढे विचारा.