सात्त्विक चीज

माझे सासरे श्रीनिवासराव दर उन्हाळ्यात पुण्याहून इंग्लंडला, आमच्याकडे ब्रॅकनेलला येतात, ते स्वतःचा कुकर घेऊन. मी रत्नागिरीची. बांगडा तळणाऱ्या हातचं त्यांना चालत नाही. माझा हॉब चालतो, फ्रिज चालतो, नळ चालतो, हात तेवढा चालत नाही. सहा उन्हाळे झाले, मी केलेलं साधं वरणसुद्धा त्यांनी तोंडात घातलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. एकदा तरी त्यांनी माझ्या हातचं जेवावं एवढीच इच्छा, पण बोलून दाखवायची लाज वाटायची.

या वर्षी माझ्या नवऱ्याला, अनुपला, बाबांना इटली दाखवायची हुक्की आली. आणि नेलं कुठे, तर बोलोन्याला! ज्या शहराचं नाव जगभर खिम्याच्या ‘बोलोनीज’ सॉसला दिलंय, तिथे.

पहिल्या दिवशी बाबा खूश होते. तिथले फुटपाथ कमानींखालून जातात, मैलोन् मैल. पावसात छत्री लागत नाही म्हणून त्यांनी अख्ख्या इटलीला पास केलं. पिसासारखा बोलोन्यातही एक कललेला मनोरा आहे, तो मात्र नापास झाला. पाया भरताना कुणीतरी सिमेंट खाल्लं असणार, असं त्यांचं मत पडलं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी सिमेंट कुठलं, हे निवृत्त पीडब्ल्यूडी इंजिनिअरला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात गेलो. अरुंद गल्ल्या, दुकानादुकानांत डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. बाबा नाकाला रुमाल लावून चालले होते. ताज्या पास्त्यात अंडं, म्हणून तो बाद. वांगी दाबून पाहिली, म्हणून भाजीवाला ओरडला. मी तेवढ्यात कोपऱ्यात तोंड करून मॉर्टडेलाचं, म्हणजे तिथल्या डुकराच्या सॉसेजचं, सँडविच खाल्लं, चोरासारखं.

मग चीजचं दुकान आलं. मालकिणीने पार्मेजानोचा कपचा काढून बाबांच्या हातावर ठेवला आणि बाबांनी डोळेच मिटले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांच्या अर्धा तास गप्पा. दोन किलो चीज घेतलं. मी बाहेर उभी राहून फोनवर वाचलं, हे चीज दूध गोठवायला कापलेल्या वासराच्या पोटातलं रेनेट घालूनच करतात. अनुपला दाखवलं, तर म्हणाला, सांगू नकोस, त्यांना धक्का बसेल. माझ्या धक्क्यांची चौकशी सहा वर्षांत कुणी केली नव्हती, ते असो.

ब्रॅकनेलला आल्यावर पोह्यांवर खोबऱ्याऐवजी चीज पडायला लागलं. पुण्याच्या पद्माकरकाकांना फोन गेला की पूर्ण सात्त्विक वस्तू आहे, दूध आणि मीठ, बस्स. मी आतल्या आत कुढत होते. म्हातारा माणूस बाटतोय आणि मी मख्खासारखी बघतेय.

रविवारी त्यांनी फर्मान काढलं, आज अक्षयाने, म्हणजे मी, पास्ता करावा, वर चीज किसू, मीही जेवीन. पास्ता त्यांना येत नाही ना! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पातेलं दोनदा घासलं, हात तीनदा धुतले. बिनअंड्याचा पास्ता, टोमॅटो, लसूण. पण वाढताना जीव थाऱ्यावर नव्हता. फसवून जेवू घालायचं, तेही पहिल्यांदा? नाही जमलं मला. त्यांनी घास उचलला आणि मी बोलून टाकलं.

"बाबा, थांबा. त्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं."

अनुपने कपाळाला हात लावला. बाबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"माहितीये. त्या बाईनं तिथेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "परदेशात एवढं काय बघायचं?"

म्हणजे वासरू चालत होतं. सहा वर्षं चालत नव्हते ती मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले.

"छान झालाय," म्हणत त्यांनी ताट पुढे केलं. "अजून वाढ."

"पातेलं समोरच आहे, बाबा," मी म्हटलं. "घ्या तुमच्या हाताने."