मुनीमचा दहावा

"अजून नाही आला?" निहारिकाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"आला आहे. शिवत नाही," पुरुषोत्तम म्हणाला.

मागच्या अंगणाच्या भिंतीवर कागदी बशीत भाताचा मुटका ठेवला होता. त्यावर काळे तीळ, शेजारी मुरमुरे आणि थोडे मटार. कावळा समोरच्या घराच्या छपरावर बसून होता. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनचा कावळा नागपूरच्या कावळ्याहून दांडगा, काळ्या अंगात राखाडी बंडी घातल्यासारखा. एरवी हा गडी कचऱ्याच्या पिशव्या फाडून गल्लीभर पसारा करायचा. आज मात्र लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा मान वळवून बसला होता.

बारा वर्षांची अक्षया दाराच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुनीम गेल्यापासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. आज मुनीमचा दहावा, आणि मुनीम हा उंदीर होता.

उंदीर मारणं हा पुरुषोत्तमचा धंदा. नागपुरात इतवारीतल्या धान्याच्या गोदामांत त्याने तो सुरू केला आणि निहारिकाला डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागल्यावर इथेही तेच काम धरलं. मंडळाच्या गणपतीत सगळे इंजिनिअर एकमेकांना आपापल्या कंपन्यांची नावं सांगत, तेव्हा हा खुशाल सांगायचा, "बायको कॉम्प्युटरमधले किडे काढते, मी घरातले काढतो." लोक हसायचे आणि पुढच्याच आठवड्यात फोन करायचे, की भाऊ, आमच्या अटिकमध्ये काहीतरी खुडखुडतंय. आपल्या कामाची त्याला कधी लाज वाटली नाही. ज्या घरात तान्हं मूल आहे त्या घरात उंदीर शिरला म्हणजे काय होतं, हे त्याने पाहिलेलं होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा एका फ्लॅटचे भाडेकरू मिळेल ते विमान पकडून आपल्या देशी गेले. घरमालकाने फोन केला, आत उंदीर आहे, येऊन संपवा. पुरुषोत्तम गेला, तर ओट्यावर पिंजरा, आणि पिंजऱ्यात पांढऱ्या अंगाचा, तपकिरी डोक्याचा, पाळलेला उंदीर. आयुष्यभर उंदरांनी पुरुषोत्तमला पाहून पळ काढला होता. हा गजाला धरून उभा राहिला आणि त्याच्या हाताचा वास घेऊ लागला. पुरुषोत्तमने साहेबाला, म्हणजे जेरीला, फोन लावला. "काम झालं," म्हणाला, आणि पिंजरा व्हॅनमध्ये घालून घरी आणला. धंद्यातलं हे त्याचं पहिलं खोटं.

दिलेला प्रत्येक मटार सोफ्यामागे नेऊन साठवायचा आणि मग दोन्ही हात चोळत बसायचा, म्हणून त्याचं नाव मुनीम. अक्षयाची शाळा लॅपटॉपवर आली तेव्हा मुनीमही तिच्या खांद्यावरून शाळेत बसू लागला. संध्याकाळी मात्र तो पुरुषोत्तमचा. पोटावर मुनीमला घेऊन तो बातम्या बघायचा. "पाहून राहिला का मुनीमजी, आजचे आकडे?" असं त्याला विचारायचा. लेकीला हे दिसत होतं, आणि त्याला मनापासून आवडत होतं, की घरात तिचं आणि आपलं, दोघांचं मिळून एक माणूस आहे.

एक नियम त्याने कडक ठेवला होता. कामावरून आलं की मागच्या शेडमध्ये गणवेश उतरवायचा, अंघोळ करायची, मगच मुनीमला हात लावायचा. विषाशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

फेब्रुवारीत मुनीमची छाती घरघरू लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माणसांना पार्किंगमध्येच थांबवून पिंजरा तेवढा आत नेला आणि तपासून सांगितलं, फुप्फुसं गेली आहेत, वयही झालं आहे. औषधाचे थेंब दिले. आठवडाभराने एका सकाळी पुरुषोत्तम कामाला निघाला असताना पिंजऱ्यातून वेगळाच आवाज आला. तो धावला. अंगात गणवेश आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने मुनीमला उचलून छातीशी धरलं, आणि अक्षया जिन्यावरून खाली आली तेव्हा गणवेशातल्या बापाच्या हातात मुनीम मरून पडला होता.

"यू किल्ड हिम," ती म्हणाली. मग तिने तोंडाला कुलूप घातलं.

पुरुषोत्तमने बागेतल्या कुंपणाखाली खड्डा खणला, खोक्यात मुनीमला ठेवलं, माती सारखी केली आणि तासाभरात कामावर गेला. तेही तिने पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं निहारिकाने लेकीला दोनदा समजावलं, पण व्यर्थ. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण काही न खाताही पुरुषोत्तमचा घसा खवखवत होता. गणवेशाच्या बाहीला विष लागलं होतं का? रात्री तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता की मुनीम आधीच चालला होता, आणि तरी त्याला झोप लागत नव्हती.

दहाव्याची टूम अक्षयाचीच. नागपूरच्या अलकनंदा आत्याचा दहावा तिने सप्टेंबरात फोनवर पाहिला होता. कावळा शिवेना, तेव्हा आत्याच्या मुलाने हात जोडून सांगितलं होतं की धाकटीचं शिक्षण मी करीन, आणि कावळा झेपावला होता. मुनीमचंही तसंच करायचं, असं तिने आईकरवी कळवलं.

आता निहारिका हात पुसत बाहेर आली. घड्याळाकडे पाहत तिने हात जोडले.

"मुनीम, काळजी करू नकोस रे. मीटिंग असली तरी दुपारचं जेवण मी अक्षूबरोबरच जेवीन."

कावळ्याने चोच छपरावर घासली.

"आय वोंट गेट अनदर वन," अक्षया पायरीवरून म्हणाली. "नेव्हर. आय प्रॉमिस."

कावळा जागचा हलला नाही. अक्षयाने मान वर केली, बापाकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"ही'ज वेटिंग फॉर यू, बाबा. टेल हिम यू'ल क्विट."

काम सोडतो म्हण. एवढंच तर म्हणायचं होतं. पिंडासमोर दिलेल्या शब्दाचा हिशेब मागायला कोण येतं? लेक परत मिळत होती, तीही फुकटात. निहारिकाच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, म्हणून टाक रे.

पुरुषोत्तम आजही गणवेशातच होता; त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मुनीमजी, तुमच्याशी कधी खोटं बोललो नाही, आजही नाही बोलणार," तो म्हणाला. "काम मी सोडणार नाही. लोकांच्या घरात लेकरं झोपतात, ते काम कोणीतरी केलंच पाहिजे, अन् मी ते चांगलं करतो. त्या दिवशी ह्याच कपड्यांत तुम्हाला उचललं, ती चूक झाली. तुम्ही त्यानं गेले नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्याशिवाय संध्याकाळी घरात बसवत नाही मला."

"देन व्हाय डिड यू गो टु वर्क?" अक्षयाचा आवाज चिरकला. "यू बरीड हिम अँड यू जस्ट वेंट. यू डिडंट इव्हन क्राय."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. जेरी. बेकरीवाला सकाळपासून ओरडतो आहे, तू आहेस कुठे, असं तो विचारत होता. पुरुषोत्तम आत जाऊ शकला असता. ट्रॅफिक आहे म्हणू शकला असता. तो तिथेच लेकीसमोर उभा राहिला आणि त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"मला उशीर होईल जेरी," तो इंग्रजीत म्हणाला. "घरात एक जण गेला. आज त्याचे विधी आहेत."

"अरे देवा. कोण गेलं?"

"आमचा उंदीर."

पुरुषोत्तम पुढे बोलत राहिला.

"गेल्या मार्चमध्ये तू मला ज्या फ्लॅटवर पाठवलं होतंस, त्यातला. काम झालं असं मी तुला खोटं सांगितलं. त्याला घरी आणलं होतं. वर्षभर होता आमच्याकडे. मुनीम नाव. तो गेल्यापासून मला काही सुचत नाही. रोज व्हॅनमध्ये बसून रडतो, मग कामाला लागतो. आज कितीही वेळ लागो, मी इथून हलणार नाही. तुला काय करायचं ते कर."

बोलताना त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याने हात वर नेला नाही. आता ही गोष्ट कंपनीच्या सगळ्या डेपोत पसरणार आणि निवृत्त होईपर्यंत उंदरांची रबरी खेळणी आपल्या व्हॅनमध्ये सापडत राहणार, हे त्याला ठाऊक होतं.

जेरीने घसा साफ केला. मग इकडची माणसं मयताच्या घरी जाऊन हात हातात घेऊन जे म्हणतात, ते तो म्हणाला. "सॉरी फॉर युअर ट्रबल, पुरू." आणि पुढे म्हणाला, "बेकरीत मी जातो."

फोन बंद झाला. पायरीवरून अक्षया उठली. ती आत गेली तेव्हा पुरुषोत्तमला वाटलं, संपलं. पण ती जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढत बाहेर आली. एक तिने भिंतीसमोर मांडली. दुसरी तिला चिकटून ठेवली आणि त्या खुर्चीची पाठ थोपटून बापाला बसायची खूण केली.

दोघं शेजारी बसले. निहारिकाने मीटिंग पुढे ढकलली आणि आत चहा टाकला. भिंतीवरचा भात गार झाला होता आणि कावळा अजून छपरावरच होता. त्याला घाई नव्हती, आणि आता ह्यांनाही नव्हती.