बापाला वाढ, आईला पदक

ओरिएत्ताचा हिशेब साधा होता. अहवाल वेळेत गेला आणि त्यातला आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही, तर एप्रिलपासून ती पगार विभागाची प्रमुख होणार, महिना दोनशे युरो जादा. मालक एवारिस्तो यांनी तसं तोंडी कबूल केलं होतं, आणि इटलीतल्या फेर्मोच्या डोंगरांत तोंडी कबुली म्हणजे अर्धी रोकड समजतात.

अहवाल तसा कटकटीचा. पन्नासाच्या वर माणसं असली की दर दोन वर्षांनी सरकारला कळवायचं, पुरुषांना काय मिळतं नि बायकांना काय. एक प्रत कामगार संघटनेलाही द्यायची. बुटांच्या त्या कारखान्यात माणसं बासष्ट.

"आपल्याकडे कसला आलाय फरक?" एवारिस्तो म्हणाले. "कराराचा दर सगळ्यांना सारखा. वडलांच्या वेळेपासून."

दर सारखाच होता. पण दराखाली एक ओळ होती, वैयक्तिक वाढीची. तिथे चामडं कापणाऱ्या पुरुषांपुढे कुठे साठ, कुठे एकशेवीस, कुठे एकशेऐंशी. आणि तेच चामडं शिवणाऱ्या, त्याच श्रेणीतल्या बायकांपुढे भोपळा. ओरिएत्ता बावीस वर्षं हे आकडे महिन्यामागून महिना पुढे ओढत आली होती. आता बेरीज करायची वेळ आली, तेव्हा तिला पहिल्यांदा नवल वाटलं: हा साठाचा पाढा आला कुठून?

कॉफीच्या सुट्टीत ती कापणखात्यात गेली.

"नाझारेनो, तुझी एकशेवीसची वाढ कशाबद्दल रे?"

"देखणा आहे म्हणून."

"मग मालकांनी पैसे कापायला हवे होते."

टेबलाभोवती हशा पिकला. नाझारेनोही हसला. "थोरल्या मालकांची रीत गं ती. पोर झालं की बापानं वर जायचं, मालकांबरोबर पेला घ्यायचा. 'एक तोंड वाढलं,' म्हणून ते साठ मांडणार. धाकट्यांनीही मोडली नाही."

"आणि आईला?"

"ते आईला विचार."

त्याची बायको लोरेदाना भिंतीपलीकडे शिवणखात्यात होती. तिनं मशीन न थांबवता गळ्यातली साखळी अंगठ्यानं वर केली. लोरेतोच्या मेरी माउलीची सोन्याची दोन पदकं. "बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा मालकांकडून घरी आली. फुलंही होती."

"पोरं तीच ना गं, त्याची नि तुझी?"

"माझ्या माहितीप्रमाणे तरी," लोरेदाना म्हणाली. "त्याला काय वाटतं, बघ विचारून."

ओरिएत्ताच्या कपाटात अशी तीन पदकं होती. त्यांचं वजन करावंसं तिला आजवर वाटलं नव्हतं.

वर कचेरीत एवारिस्तोंनी तिचा कागद दूर सारला. "हा पगार नव्हे, ही माया आहे."

"मायेवर आपण दर महिन्याला पेन्शनचा हप्ता भरतो, मालक."

"मग कुटुंबाला मदत म्हणून बाजूला काढ. एप्रिलचं नक्की समज."

"काढते. पण संघटना विचारेल, मदत कुटुंबाला, तर ती बापाच्याच हातात का? काय सांगू?"

एवारिस्तो खरोखरच विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "सोनं दिलं की!"

"सोनं दर महिन्याला येत नाही."

संघटनेला सांगण्याजोगं काही सापडलं नाही, म्हणून तिनं आकडा होता तसाच पाठवला. संघटनेनं तो वाचला, आणि तीन बैठकांत तोड निघाली. आयांनाही मुलामागे साठ, मे महिन्यापासून. मागची थकबाकी नाही. बापांच्या वाढीला हात नाही, पण करारानं पुढे जे काही वाढेल ते त्यांच्या त्या जादा रकमेतच मुरणार, म्हणजे ती रक्कम संपेपर्यंत हातात नवं काही पडणार नाही.

"म्हणजे माझ्याच पैशांनी हिला वाढ!" नाझारेनो ओरडला.

"मग? पोरं दोघांचीच ना," लोरेदाना म्हणाली.

प्रमुखपद एवारिस्तोंच्या भाच्याला गेलं.

ओरिएत्तानं मे महिन्याचे पगार काढले आणि सवयीनं ताळा केला. लोरेदानाला एकशेवीस आले, ते तिचा नवरा करारामागून करार फेडत राहणार. तिला स्वतःला तीन पोरांचे एकशेऐंशी आले, प्रमुखपदाचे दोनशे बुडाले. मालकांच्या खिशातून जाणार ते फक्त बापांची जादा रक्कम मुरेपर्यंतच्या दोनेक वर्षांतलं, आणि तेही त्यांनी बुटामागे किमतीत चढवलं. म्हणजे समानतेचे पैसे भरले बापांनी, बूट घेणाऱ्यांनी, आणि महिन्याला वीस ओरिएत्तानं.