कमलाताईंच्या नावापुढे

१९८६च्या मार्चमधली शनिवारची सकाळ. नेपरव्हिलमधल्या रामटेक्यांच्या घरी वॉशिंग मशीन घरघरत होतं, अंगणातला बर्फ कडेकडेने विरघळू लागला होता आणि जेवणाच्या टेबलावर तेरा वर्षांची विनीता शाळेसाठी अमेरिकेचा जुना नकाशा रंगवत होती.

तिची आई कमला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. वडील, भानुदास, जानेवारीपासून टेक्सासमध्ये एका प्रकल्पावर होते आणि रविवारी थोडा वेळ फोन करायचे. आठवड्याचे बाकीचे दिवस कमला मुलीशी मराठीत बोलायची आणि मुलगी इंग्रजी मिसळून उत्तर द्यायची. घरातलं मराठी एवढंच.

टपालात मराठी मंडळाचं पाकीट आलं होतं. पश्चिमेकडच्या उपनगरांतली कुटुंबं शिकागोच्या मंडळातून वेगळी होऊन स्वतःचं मंडळ काढणार होती. उद्या सुहासिनी आगाशे यांच्या बेसमेंटमध्ये सभा होती. विषय दोन: मंडळाची घटना आणि एक मेचं जेवण. सोबत, नमुना म्हणून, गेल्या वर्षीची यादी. कुणी श्रीखंड, कुणी मसालेभात. आणि खाली: ‘रामटेके – कागदी थाळ्या, ग्लास, बर्फ.’

सहा वर्षांत अशा अकरा याद्या आल्या होत्या. पहिल्या वेळी कमलाला काहीच वाटलं नव्हतं. एक चाचणी चुकू शकते. पण अकरा वेळा तेच उत्तर आलं, तर त्याला कुणी चूक म्हणत नाही. “तुमची नोकरी, कशाला त्रास?” असं तिला सांगत. डॉक्टर वसुधा तर दिवसरात्र हॉस्पिटलात असत, आणि त्यांच्या नावापुढे दरवर्षी पुरणपोळी असे.

दोन वर्षांपूर्वी तिने न विचारता पुडाच्या वड्या नेल्या होत्या. नागपूरकडची पद्धत, आत भरपूर कोथिंबीर, वर पातळ खुसखुशीत पापुद्रा. डबा जसाच्या तसा परत आला. “अहो, टेबलवर जागाच उरली नाही!” कुणीतरी म्हणालं. झाकणाला लावलेली चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

तरी ती जायची. कारण तिथे तीन तास मराठी ऐकू यायचं. कुणीतरी कुणाला तरी “अगं बाई” म्हणायचं. एवढ्यासाठी ती दर वेळी बर्फाच्या पिशव्या गाडीत घालायची.

“आई, कॅन्सस कुठल्या रंगात करू? इट्स कन्फ्यूजिंग.”

“का गं?”

विनीता समजावू लागली. देश पश्चिमेकडे वाढत होता. नवी जमीन मिळाली की दर वेळी तोच वाद: गुलामगिरी तिकडेही न्यायची का? १८२० मध्ये नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या खाली चालेल, वर नाही. चौतीस वर्षांनी ती पुसली आणि ठरवलं, तिथे राहायला जातील त्यांनी मत देऊन ठरवावं.

“मग?”

“मग शेजारच्या मिसूरीतून लोक घुसले आणि व्होट करून गेले. मग मारामाऱ्या, खून. सात वर्षांत सिव्हिल वॉर. बट आई, व्होटिंग इज फेअर, राइट?”

“मत कुणाला होतं?”

“ओन्ली व्हाइट मेन.”

“म्हणजे ज्यांच्याबद्दल मतदान, त्यांनाच मत नाही.”

“आणि असतं तर?”

कमला नकाशाकडे बघत राहिली. माणसांची खरेदी-विक्री आणि कागदी थाळी यांची तुलना करण्याइतकी ती अविचारी नव्हती. पण मुलीचा प्रश्न दिवसभर तिच्या मागे लागला.

रविवारी आगाश्यांच्या बेसमेंटमध्ये तेवीस माणसं जमली. घटनेचा मसुदा वाचून झाला, चहा झाला, जेवणाची यादी निघाली.

“कमलाताई, तुमचं नेहमीचंच ना?” वसुधाताईंनी पेन टेकवलं.

“नाही. यंदा मी पुडाच्या वड्या आणते. शंभर.”

“अहो, एवढा व्याप कशाला?”

“व्याप माझा आहे, वसुधाताई.”

कुणीतरी कप खाली ठेवला. मग दिगंबरकाका, सगळ्यांत वडीलधारे, खाकरले. “कमलाताई, राग मानू नका. काही जणांच्या आया येतात इंडियाहून. त्या सोवळं-ओवळं पाळतात. म्हाताऱ्या माणसांना कशाला दुखवायचं?”

“यार, सिंपल आहे,” गिरीश म्हणाला. तो मंडळातला विनोदी माणूस. “एक टेबल वेगळं ठेवू. ज्याला हवं त्याने तिथून घ्यावं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!”

“वा रे वा! तुझ्या डोक्यासाठीही वेगळं टेबल ठेवू का?” सुहासिनी भडकल्या. पुण्यात कॉलेजात असताना त्यांनी आंतरजातीय लग्नांना साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या. “टेबल-बिबल काही नाही. आपण लोकशाहीतली माणसं. मतदान घेऊ. कमलाताईंनी पदार्थ आणावा की नाही, चिठ्ठीवर लिहा.”

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. सुहासिनी कमलाजवळ येऊन कुजबुजल्या, “काळजी करू नका. मी मोजलंय. आपण जिंकतोय.”

कमलाच्या हातात चिठ्ठी होती. तिलाही मत होतं. काल मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला आता, ती कोरी चिठ्ठी धरून, मिळालं.

ती उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता. मागच्यांना पुढे वाकावं लागलं.

“सुहासिनीताई, आज मी जिंकेन. पुढच्या वर्षी चार नवी कुटुंबं येतील. मग पुन्हा चिठ्ठ्या वाटणार? माझ्या हातचं खायचं की नाही, हे दर वर्षी मोजणार? तुमच्या कुणाच्या हातचं कधी मोजलंय?”

“पण मी तुमच्याच बाजूने...”

“माहीत आहे. म्हणून तुम्हालाच सांगते. हे मताला टाकायचंच नव्हतं.”

चिठ्ठी घडी न करता तिने टेबलावर ठेवली, कोट चढवला आणि जिना चढून गेली. मागे कुणी आलं नाही. गाडी सुरू करायला तिला तीनदा किल्ली फिरवावी लागली.

संध्याकाळी पाचला फोन वाजला. भानुदासचा असेल म्हणून तिने लगबगीने उचलला.

“कमलाताई! सोळा विरुद्ध सहा!” सुहासिनींचा आवाज आनंदाने फुटत होता. “तुम्ही गेल्यावर घेतलंच मी मतदान. वड्या आणायच्या हं तुम्ही!”

“मी येणार नाही, सुहासिनीताई.”

“अहो, पण जिंकलो आपण!”

“घटनेत लिहा, की कुणी काय शिजवायचं यावर या मंडळात कधीही मतदान होणार नाही. लिहिलंत की बोलवा.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग हळूच: “ते घटनेत घालायचं तर... त्यालाही मतदान लागेल.”

“लागेल.”

“मग मी काय करू? सांगा ना. मी काय करायला हवं होतं?”

“सहा वर्षांपूर्वी माझ्या नावापुढे एखादा पदार्थ लिहायला हवा होता. कुणालाही न विचारता.” कमला थांबली. आता आवाजात राग नव्हता, थकवा होता. “आता काय करायचं ते मला विचारू नका. ती सहा माणसं कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती तुमच्या घरी जेवतात. माझ्याकडे कधी आलीच नाहीत. त्यांच्याशी तुम्हीच बोलायला हवं. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.”

सुहासिनींनी फोन ठेवला नाही.

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. त्या ‘बरं’चा अर्थ काय, हे त्यांनाही त्या क्षणी माहीत नसावं.

कमलाने फोन ठेवला. जानेवारीपासून त्या घरात मराठीत झालेलं एवढं लांब बोलणं हेच. असं बोलणं पुन्हा कधी होईल, हे तिच्या हातात राहिलं नव्हतं.