चकतीची मागची बाजू

“अगं, टेबलाला धक्का नको लावूस. टोक मोडेल.”

बायको हात मागे घेऊन स्टुलावर बसली. तिच्या पायाशी त्यांचं ठिपक्यांचं कुत्रं, बटण, अंगाचं मुटकुळं करून पडलं. नावं कोरणाऱ्या म्हाताऱ्याने पितळी चकती चिकटपट्टीने फळीवर पक्की बसवली आणि सुईसारखं कटर अलगद तिच्यावर टेकवलं. टेबलावरचं हे कोरकामाचं मिलिंग मशीन शिवणयंत्राएवढंच. त्याचे हात थरथरायला लागल्यावर मुलीने आणून दिलेलं. तेव्हा त्याने नाक मुरडलं होतं. आता मशीनवाचून त्याचं पान हलत नसे, पण हे मुलीला कोण सांगतो?

काल बायको पुन्हा हरवली होती. बटणला फिरवायला म्हणून गेली, ती दुपार कलली तरी परतली नाही. शेवटी पुलापलीकडच्या शिंप्याने दोघांना घरी आणून सोडलं.

“कुठे राहता विचारलं तर नुसत्या हसल्या,” शिंपी दारातच हळू आवाजात म्हणाला. “मी कुत्र्याला ओळखलं म्हणून बरं. गळ्यात काहीतरी अडकवा हो त्यांच्या.”

तेही करून झालं होतं. पत्ता कोरलेलं सुबक पदक त्याने साखळीत घालून दिलं होतं. तिने ते पिठाच्या डब्यात टाकलं. “मी काय हरवणारं सामान आहे?” म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण बटणशिवाय ती उंबरा ओलांडत नसे, म्हणून त्याने ही युक्ती काढली. नंबर कुत्र्याच्या गळ्यात. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

मशीन घरघरलं, पितळेचा बारीक भुगा उडाला. वर ‘बटण’, खाली फोन नंबर. त्याने चकती झाडून तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांजवळ धरली, मग उलटी केली.

“मागे कोरंच आहे की.”

“राहू दे. कुत्र्याला काय करायचंय मागे?”

“माझं नाव घाला ना तिथे.” ती जरा थांबली. “मला कधीकधी आठवत नाही हो. आठवलं नाही की याच्या गळ्यात बघेन.”

म्हणजे तिला सगळं कळत होतं. आपली युक्ती किती पोरकट होती, या विचाराने तो ओशाळला. त्याने चकती उलटी करून पुन्हा फळीवर बसवली.

जन्मभर त्याने लोकांची नावं कोरली. दारांवर, घड्याळांच्या पाठीवर, शर्यतीच्या कपांवर. घरातल्या डब्यांवर मात्र त्याचं स्वतःचंच नाव. लग्नानंतर तिने एकदा झाकण पुढे केलं होतं, “एकावर तरी माझं घाला.” तो म्हणाला होता, “गिऱ्हाइकांचं होऊ दे आधी.” गिऱ्हाइकांचं काम काही संपलं नाही.

“बोल, काय घालू? तूच सांग,” त्याने लाडाने विचारलं.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने बटणकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

“अगं,” ती म्हणाली. “अगंच ना? तुम्ही तेच म्हणता.”

ती आता हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. ती थट्टा करत नव्हती.

मुलगी तिला आई म्हणे, शेजारपाजारचे काकू म्हणत. नावाने हाक मारणारे तिचे आईवडील केव्हाच गेले होते. उरला तो एकटा, आणि त्याने स्वयंपाकघरापासून दुकानापर्यंत तो एकच शब्द पुरवून पुरवून वापरला. ज्या नावाने कुणी बोलावतच नाही, ते तिने एकटीने किती दिवस सांभाळायचं? त्याला रडू आलं. डोळ्यांत भुगा गेल्यासारखं करून त्याने ते पुसलं.

तिचं नाव त्याने मोठ्या अक्षरांत घातलं. मशीन अगदी सावकाश चालवलं.

“वाचा ना,” ती म्हणाली. “चष्मा नाही माझ्याकडे.”

त्याने तिचं नाव उच्चारलं. नवख्या माणसाचं नाव घ्यावं तसं, अडखळत. मग पुन्हा एकदा, नीट.

ते नाव ऐकून ती स्टुलावरून लगबगीने उठली, पदर सारखा केला.

“या ना, बसा,” रिकाम्या दाराकडे बघत ती म्हणाली, आणि तिने स्टूल पुढे सरकवलं.